काकूंना मदत हवी का?

आई, परवा इथे मतदान झालं आणि मी मतदान केंद्रावर टेबलामागे बसले होते. तुझी सातवीनंतर शाळा सुटलेली लेक. प्रशिक्षणाचं पुस्तक मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचलं, लायब्ररीतली पुस्तकं वाचते तसंच. तरी पहाटे उठून ते पुन्हा चाळलं. माझ्या चुकीने कुणाचं मत वाया गेलं तर? हे असते तर म्हणाले असते, "जमेल गं." हे गेल्यापासून चहा एकच कप टाकते. अमेरिकेतल्या या शॉमबर्गात गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि मला चालवता येत नाही, म्हणून डॉक्टर असो की वाणसामान, शेजारच्या काकूंचा मुलगाच नेतो. परवा मतदान केंद्रावर, शाळेच्या जिममध्येही त्यानेच सोडलं.

दुपारी तोच काकूंना घेऊन आला. त्या नुकत्याच इथल्या नागरिक झाल्यात, इथलं पहिलंच मतदान. सही झाली, मी मतपत्रिका पुढे केली, तर हात त्याने लांबवला. "मावशी, मीच भरतो. आईला काय कळणार यार, केवढी नावं आहेत!"

मदत चालते, पण मतदाराने स्वतः मागितली तरच. आमची प्रमुख बाई माझ्याकडे बघतेय. तिला मराठी कळत नाही, म्हणून काय विचारणार ते आधी तिला इंग्रजीत सांगते. "काकू, तुम्हाला मदत हवी का? तुम्हीच सांगा."

"मावशी, सीरियसली?" तो म्हणतो. मला माझं पुढच्या महिन्यातलं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिसायला लागतं आणि तिथे न्यायला कुणी नाही. काकू त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. आता सवयीने मान हलवतील, असंच मला वाटतं.

"नको," त्या म्हणाल्या. "चष्मा आणलाय मी."

आत त्यांना फार वेळ लागला. तो फेऱ्या घालत होता. आणि मला तुझं स्वयंपाकघर आठवत होतं. मतदानाच्या सकाळी बाबा दारात उभे राहून शिक्का कुठे मारायचा ते सांगायचे, तू भाकरी थापता थापता "हं" म्हणायचीस. संध्याकाळी बोटाची शाई दाखवायचीस, बस्स. एकदा मी विचारलं, "बाबांनी सांगितलं त्यालाच दिलंस?" तू पिठाच्या हाताने चापट मारलीस. "हे कुणाला विचारायचं नसतं."

मतपत्रिका मशीनमध्ये गेली आणि काकू परत माझ्यापुढे येऊन उभ्या. डाव्या हाताचं बोट पुढे केलेलं. "शाई लाव ना गं." इथे शाई नसते. मी मतदान केल्याचं स्टिकर त्यांच्या नखावर चिकटवलं. त्या हसल्या. तो नाही हसला. संध्याकाळी मला घरी त्यानेच आणलं, पण गाडीत एक शब्द नाही.

काल काकू कढी घेऊन आल्या. "फुगलाय. फुगू दे. ऑपरेशनला येईल तो," म्हणाल्या. पण त्याला फोन करायचा मला अजून धीर होत नाही. कढी ओतून घेताना, कुणाला दिलंत, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आणि खरं सांगू? हा कागद घेऊन बसले, तीही त्यापायीच. बाबा नाहीत, ऐकायला आता कुणीच नाही. तू कुणाला द्यायचीस गं?