हात वर

बाई, चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत शिरताना मला अजूनही वाकावं लागतं. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, मी मेलबर्नला जाऊन बारा, पण दाराची चौकट काही उंच झाली नाही. सुट्टीला आले आहे. आई ओट्याशी भाजी निवडतेय, पडद्यातून दुपारचं ऊन जमिनीवर हलतंय, आणि बघता बघता माझी दोन्ही मैदानं एकमेकांत मिसळतात. तुमचं शाळेमागचं लाल मातीचं, आणि तिथलं हिरवं, गोल, न संपणारं. शाळेत मला सगळे शिडी म्हणायचे आणि मी खांदे पाडून चालायची. कबड्डीत एवढे लांब पाय म्हणजे आयतेच पकडायला. तरी तुम्ही मला संघात घेतलंत. ‘खांदे वर कर गं. तुझ्या उंचीचं काय करायचं ते ठरेल कधीतरी,’ म्हणालात.

ते ठरलं साता समुद्रापार. तिथल्या फुटबॉलचा चेंडू लांबुळका, हातातही घेतात, लाथेनेही मारतात. पंच तो मैदानाच्या मधोमध वर उडवतात आणि दोन्ही संघांतल्या सगळ्यात उंच बायका त्याच्यावर झेपावतात. त्या खेळाडूला रक म्हणतात. बहुतेकदा चेंडू पकडायचाही नसतो, नुसता बोटांनी आपल्या एखाद्या चपळ मुलीच्या ओंजळीत पाडायचा. ऑफिसातल्या मैत्रिणीने मला ओढत नेलं, आणि त्या पहिल्या उडीत, वर असताना, मला आयुष्यात प्रथमच वाटलं की मी जास्त उंच नाही. अकरा मोसम उडत राहिले. नाक एकदा मोडलं, गुडघा दोनदा. पाच मोसम कॅप्टन होते. आई शेजारणींना सांगते, ‘पैशे बिशे नाय गो, हौशेन खेळता.’

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आठवीतला घोडपदेवच्या शाळेशी झालेला सामना आठवतो? चढाईला आलेल्या त्यांच्या कॅप्टनचं बोट माझ्या वेणीच्या टोकाला लागलं. पंचांना दिसलं नाही, तिलाही कळलं नाही. मी हात वर करून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही, आणि आपण जिंकलो. तुम्ही मला घरी नेता, स्टोव्हशेजारी पाटावर बसवता, गरम पोहे वाढता. मी दुसरा घास घेते तेव्हा विचारता, ‘लागलं होतं ना?’ मी मान डोलावते. ‘पंच लांब असतात गं. आपल्याला आधी कळतं.’ बशी रिकामी होईपर्यंत थांबलात आणि तसंच मला घोडपदेवला चालवत नेलंत. त्या मुलीच्या दारात मी रडत रडत सांगितलं. ती हसायलाच लागली. ‘जाऊ दे ना यार. पाणी पितेस?’ इतकं गोड पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही.

सहा वर्षांपूर्वी आमची फायनल होती. शेवटचा भोंगा वाजायला काही क्षण, आणि आम्ही मागे. आमच्या मुलीने गोलकडे चेंडू मारला. तोकडा पडेल असं वाटून मी झेलायला उडी मारली. तिथला नियम असा, की वाटेत कुणाच्याही हाताला चेंडू लागला तर सहाऐवजी एकच गुण. तो चेंडू अजून दिसतो मला, संथ गिरक्या घेत येणारा, मागे सगळं आभाळ. माझ्या करंगळीला लागला. मांजराची मिशी लागावी इतकाच. पंचांनी सहा गुण दिले, भोंगा वाजला, आम्ही तीन गुणांनी जिंकलो आणि मुलींनी मला खांद्यावर घेतलं. समोरच्या कॅप्टनचा तो शेवटचा सामना होता. तिने येऊन मला मिठी मारली. दर वाढदिवसाला तिचा मेसेज येतो. नंबर माझ्याकडे आहे, बाई. सहा वर्षं आहे.

येत्या रविवारी तुमच्याच मैदानावर माझा सत्कार आहे, शाल, नारळ वगैरे. शाळेतल्या मुली म्हणणार, ताई, फायनल सांगा ना! मला फार भीती वाटतेय. तुम्ही असतात तर पोहे वाढून मोकळ्या झाला असतात. आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? वहीतच राहील. तरी लिहिते, लागला होता. एवढं लिहिलं आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. ओट्याकडून आई ओरडली, ‘अगो, हात खाली घे, पंखो लागात!’

आणि मी तो खाली घेतला, बाई.