७९,७८,५१७ ला भाग जात नाही

सोमवार, ४ मार्च
म्हणे भाग जातो! त्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, आणि माझ्या जागेवर आलेली ही कालची पोरगी फोन करून मला सांगते — "सर, राग मानू नका, पण भिंतीवरची संख्या मूळ नाहीये. २४१७ ने भाग जातो." राग मानू नका म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली.

७९,७८,५१७. गणिताच्या वर्गाबाहेर माझ्या नावासकट रंगवलेली आहे. दर वर्षी पोरांना सांगायचो — एक आणि ती स्वतः, बस्स. हिला भागायची तिसऱ्या कुणाची टाप नाही!

मंगळवार, ५ मार्च
भागून बघणार नाही. का बघू? २८२४ पर्यंतच्या सगळ्या, चारशे दहा मूळ संख्यांनी भागलंय तिला. हाताने! लग्नाच्या पहिल्या वर्षी. बायकोच्या माहेरचा फोन नंबर होता तो. मी भागायचो, ती तपासायची. या नव्या बाईने यंत्राचं बटण दाबलं असणार. बटण काय, माकडही दाबेल.

बुधवार, ६ मार्च
भागलं. शेवटी २४१ उरतात, वरचा सात खाली घेतला की २४१७. एकदा जातो. बाकी शून्य.
चारदा केलं. चारदा शून्य.

गुरुवार, ७ मार्च
शाळेत गेलो. मुख्याध्यापिका गोड बोलल्या — "भिंत तशीही रंगवायची होतीच, सर." नवी बाई खाली मान घालून बसलेली. ढोंगी! सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तपासायचं काम बायकोकडे होतं, चूक तिची. माझं चुकलं असं कुणी म्हणायचं नाही.
शिपायाने चहा आणला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी मुलीचा फोन. तिच्या कानावर एवढ्यात कुणी घातलं देव जाणे. "बाबा, आई आता उत्तर द्यायला नाही म्हणून काहीही बोलाल?"
फोन आपटला. आईवरच गेलीय.

शुक्रवार, ८ मार्च
माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. अकरा आहेत. २४१७ चं पान शोधून फाडणार आणि त्या बाईच्या टेबलावर नेऊन आपटणार. मुलीलाही दाखवीन. बघा म्हणावं, कुणाची चूक!

शनिवार, ९ मार्च
नवव्या वहीत सापडलं. भागाकार माझ्या अक्षरात. बाकी २४१. सात खाली घेतलेलाच नाही.
बाजूला पेन्सिलने, तिचं बारीक अक्षर — "अहो, सात राहिला. मला शून्य येतंय. परत करता का?"
त्याखाली लाल शाईने — "बरोबर आहे. उगाच शंका काढू नकोस."
लाल पेन घरात एकच होतं. माझं.