खोडरबरांचा डबा

१ ऑक्टोबर, बुधवार

सुरू! एकतीस दिवस, रोज एक शाईचं चित्र, संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर. अकरा जण आहोत. नियम माझे — खाली पेन्सिल लावायची नाही, सरळ पेन टेकवायचा. महिना संपला की आपली वही देऊन टाकायची, ज्याच्याकडून काही शिकलो त्याला. ग्रुपमधली प्रतिभा म्हणाली, "सर, रिटायर झालात तरी वर्ग काही सुटला नाही तुमचा!" सुटेल कसा? बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली.

आजचा शब्द — किल्ली. तीन पानं वाया गेली. चौथं कसंबसं टाकलं.

२ ऑक्टोबर, दसरा

हात थरथरतो. उन्हाळ्यापासून. आधी वाटलं थकवा असेल. आता चहाचा कप बशीत वाजतो. मंजुषा ऐकते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "डॉक्टरांना दाखवा एकदा." बायको आहे, तिच्यापासून काय लपणार? पण ग्रुपपासून लपवता येतं. चित्रकलेच्या मास्तरचा हात थरथरतो हे लोकांनी का ऐकावं?

३ ऑक्टोबर

आज पेन्सिल लावली. लिहूनच टाकतो, इथे तरी खोटं नको. आधी पुसट पेन्सिल, मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यावरून पेन. शाई वाळली की खोडायचं.

घरात खोडरबर नव्हता. मग माळ्यावरचा डबा काढला! वर्गात शिरल्याशिरल्या मी पोरांचे खोडरबर काढून घ्यायचो — "चुकलं तर चुकू दे, खोडायचं नाही!" वर्षाअखेरीला परत न्यायला कोणी यायचं नाही. डबाभर साठले आहेत. काही दगडासारखे झालेत. एक मऊ निघाला, अजून अत्तराचा वास येतो त्याला. कोणाचा होता कोण जाणे.

ग्रुपवर सगळे म्हणाले, काय रेघ आहे सर! लाज वाटली. बरंही वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सगळे मिळून गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीच्या घाटावर, चित्रं काढायला बसलो. मी मुद्दाम लांब, नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीच्या आडोशाला. उन्हाचं निमित्त केलं.

सविता पण आली होती. मखमलाबादची, घरची फुलशेती. माझ्याकडेच आठवीत होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड! इंटरमिजिएटचा फॉर्म मी स्वतः भरून ठेवला होता, पण परीक्षेआधी लग्न झालं तिचं. आता तिचा मुलगा कॉलेजात आहे. ती वर पायऱ्यांवर बसली होती. संध्याकाळी तिने दिवे विकणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. बाईचा खांदा एका रेघेत. एकाच!

मी त्या चित्राला काही लिहिलं नाही. बाकी सगळ्यांना लिहिलं.

९ ऑक्टोबर

खोडून झालं की पान फुंकायची सवय लागली आहे. मंजुषा विचारते, "काय फुंकताय सारखं?"

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा शब्द — पाटी. सविताने फुलांची पाटी काढली. वेताची, तिरकी ठेवलेली, तोंडाचा गोल एका झटक्यात काढलेला. माझी दोन तास घेऊनही वाकडी! आणि मी लिहिलं —

"सविता, रेघ फारच स्वच्छ आहे. खाली पेन्सिल नाही ना? नियम सगळ्यांना सारखा."

ती म्हणाली, "नाही सर."

तिथे थांबायला हवं होतं. मी म्हटलं, पानाचा जवळून फोटो टाक. तिने लगेच टाकला. पेन्सिलचा मागमूस नाही. तरी माझं — "खोडल्यावर फोटोत काय दिसणार? असो." कुंदनने हसरं तोंड टाकलं. त्याचा लग्नपत्रिकांचा धंदा आहे, त्याला सगळंच हसण्यावारी. बाकीच्यांनी आपापल्या पाट्या टाकल्या. सरांपुढे कोण बोलणार?

सव्वासहाला ग्रुपवर ओळ आली — सविता यांनी ग्रुप सोडला.

१५ ऑक्टोबर

प्रतिभाचा फोन. "सर, जरा जास्त झालं." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. फोन ठेवला आणि पेन्सिलला टोक काढायला बसलो! काय माणूस आहे मी.

१६ ऑक्टोबर

सविताला मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला, परत पुसला.

२० ऑक्टोबर, सोमवार

उद्या लक्ष्मीपूजन. झेंडू आणायला मंजुषाने फूलबाजारात पिटाळलं. गर्दी म्हणजे मरणाची. आणि समोर सविता! क्रेट पालथा घालून त्यावर बसलेली, मांडीवर वही. शेजारी फुलं विकणाऱ्या कुसाबाईंना समोर बसवून त्यांचं चित्र काढत होती. मी मागेच उभा राहिलो. कपाळापासून हनुवटीपर्यंत पेन उचलला नाही तिने. गिऱ्हाईक आलं की वही खाली, फुलं तोलून दिली की परत वही वर. पेन्सिल कसली आणि काय!

कुसाबाईंनी मला बघितलं. सविता वळली. "अय्या, सर! या ना. वही चालूच हाय माझी. ग्रुप सोडला, महिना नाय सोडला."

आता बोलावं. सगळं सांगून मोकळं व्हावं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "झेंडू कसा दिला?"

तिने पिशवी भरली, वर दोन मुठी जास्त टाकल्या. कुसाबाई म्हणाल्या, "हेच का गं तुझे सर? पोरांचे रबर काढून घ्यायचे ते?" सविता हसली. "हां, हेच. माझा वासाचा रबर अजून यांच्याकंच हाय." कुसाबाई म्हणाल्या, "मंग दे की रे बाबा तिचा!" दोघी खळखळून हसल्या. मीही हसलो, आणि पिशवी घेऊन पळ काढला.

घरी येऊन डबा उघडलाच नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दारावरचं तोरण तिच्या फुलांचं आहे. आत-बाहेर करताना डोक्याला लागतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

संपलं. एकतीसपैकी एकतीस. ग्रुपवर टाळ्या, फुलं, "सर म्हणजे सर". आज सांगायचं ठरवलं होतं. "सर्वांचे आभार" एवढंच लिहिलं. माझी वही अजून माझ्याकडेच. द्यायची कोणाला ते माहीत आहे. देण्यासारखी ती राहिली नाही, उजेडात धरली की तीन तारखेपासूनच्या प्रत्येक पानावर पेन्सिलचा ओरखडा दिसतो.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रतिभा येऊन वही देऊन गेली. "सविताताईंची. म्हणाल्या, सरांना द्या, त्यांच्याकडूनच शिकले."

एकेक पान बघत गेलो. पाच ऑक्टोबरची दोन चित्रं. एक दिवेवालीचं. दुसरं तिने टाकलंच नव्हतं. नारोशंकराची भिंत, आडोशाला मी, वरच्या पायरीवरून दिसलेला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. गुडघ्याशी पेन्सिल आणि खोडरबर. खाली तिचं अक्षर — "सरांचा हात. ग्रुपवर टाकायचं नाही."

पाच तारीख! मी तिला चारचौघांत बोललो ती चौदा. म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं. नुसतं "नाही सर" म्हणाली.

पानाचा फोटो काढला आणि मीच ग्रुपवर टाकला. लिहिलं — हा माझा हात, पेन्सिल मी लावत होतो, सविताने नाही.

टाकून झाल्यावर ध्यानात आलं. ज्या एका माणसाने हे वाचायला हवं, ती ग्रुपवर नाही. वासाचा खोडरबर खिशात घातला आहे. मखमलाबादची बस पावणेपाचला आहे.