मोठी, छोटी आणि ज.

१२ ऑक्टोबर, रविवार

जाफरभाई येऊन गेले. हे गेल्यानंतरची इद्दत संपेपर्यंत दीर समोर येत नाही, म्हणून पडद्याआडून बोलणं. चार महिने दहा दिवस. त्यातले सव्वीस उरले.

"भाभी, मोठीच घ्यायची. भाईजाननी डॉक्टरीणबाईंना जबान दिलीया. गेलेल्या माणसाची जबान मोडायची न्हाई."

मोठी म्हणजे सांगलीच्या डॉक्टर गुणमालांची चार वर्षं वापरलेली विजेची गाडी. काचेचं छत, मऊ सीट, दार लावलं तरी आवाज नाही. छोटी म्हणजे शोरूममधली नवी, डबीएवढी. हे जूनमध्ये मला घेऊन दोन्ही बघून आले. दोन जुलैला गेले. काय ठरवलं होतं ते सांगितलंच नाही!

मदिहाला सातवा महिना. बाळंतपण सांगलीलाच, डॉक्टर गुणमालांकडेच. मला लेकीकडे जाता-येता आलं पाहिजे, एवढंच हवंय. मोठी आली तर चावी जाफरभाईंकडे, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देणार नाहीत. त्यांना सवड असेल तेव्हा मी निघायचं.

१३ ऑक्टोबर

खिडकी ते कपाट अकरा पावलं. आज किती वेळा मोजली!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

यांच्या चष्म्याच्या घरात चिठ्ठी सापडली. वर्कशॉपमधल्या तारेच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेन्सिलने –

मोठी – ज. – आणि फुली.
छोटी – ज. – आणि बरोबरची खूण.

बाकी काही नाही. मुलांच्या पेपरात मी अशा खुणा रोज करते. पण इथे प्रश्न काय होता?

ज. म्हणजे जागा. दुसरं काय! आमच्या बोळात मोठी वळणार नाही, असंच यांना म्हणायचं असेल. बरं वाटलं. मग वाईट वाटलं, बरं वाटलं म्हणून.

१७ ऑक्टोबर

चिठ्ठी पडद्याखालून दिली. जाफरभाईंनी वाचली. मग एकदम – "ज. म्हंजे जाफर! मोठीफुडं माझी फुली? मी कवा नको म्हणलो? लय अन्याव हाय ह्यो, भाभी!"

मी जागा म्हणाले.

"जागाच ना? रविवारी गाडीच आणून लावतो दारात. मग बोला."

१९ ऑक्टोबर, रविवार

आणली! वरच्या खिडकीतून पाहिली. सगळी गल्ली गोळा. जाफरभाई शेजारच्या दादासोंना सांगत होते, "उंब्रजला चार्जिंगला थांबलो."

"सांगलीवरनं एवढ्यात उतरली व्हय चार्जिंग?"

"उतरतीय कशाला! गरज न्हवती गड्या. पण लोक बघत्यात की!"

बोळातून वळली. फाटकातूनही आत आली. दोन्ही बाजूंना वीतभर सुटलं. जाफरभाईंनी खालूनच वीत उंच करून मला दाखवली.

म्हणजे जागा आहे. मग फुली कशाला?

हे असते तर बॉनेटला कान लावून बसले असते. तीस वर्षं शेतावरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने वाइंड केल्या. म्हणायचे, "मोटर मरत नाही. बॅटरी म्हातारी होते, माणसासारखी."

२२ ऑक्टोबर

मदिहाचा फोन. "अम्मी, छोटी घे आणि तूच चालव ना! लायसन आहे की तुझं."

आहे. बावीस वर्षांपूर्वी यांच्या जुन्या जीपवर शिकले, नंतर हात लावला नाही. मार्चमध्ये हेच मागे लागून नवीन करून आणलं. ओळखपत्र म्हणून असू दे म्हणाले. या वयात मी हायवेला? मदिहाचं काहीतरीच.

दुपारी यांचा फोन चार्ज केला. जूनमध्ये दोन्ही गाड्यांत मला स्टिअरिंगपुढे बसवलं होतं – "बस की जरा, फोटो काढतो." मोठीत नुसतं बॉनेटच दिसत होतं. मी म्हणाले, लवकर काढा, लोक बघतायत. ते फोटो शोधले. एकही नाही. काढलेच नाहीत वाटतं.

२९ ऑक्टोबर

पेपर तपासायला घेतले. एका मुलीचं बरोबर उत्तर चूक दिलं. खोडलं.

२ नोव्हेंबर, रविवार

हो सांगितलं. मोठी.

जाफरभाई म्हणाले, "भाईजानच्या रूहला बरं वाटंल." असेल. जबान होती. माझ्या येण्याजाण्याचं बघू – एस.टी. आहेच. ते खाली उतरल्यावर उगीचच कपाट आवरलं. आवरलेलंच होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर गुणमालांचा फोन. मला वाटलं मदिहाचं काही!

"नाही हो ताई, लेक छान आहे. गाडीचं विचारते. त्या रविवारी नुसती दाखवायला नेली होती, आता जाफरभाई शुक्रवारी कायमची न्यायला येतो म्हणतात. पण अजीमभाईंनी तर जूनमध्येच नको म्हणून कळवलं होतं!"

जबान?

"कसली जबान? गाडी एक नंबर आहे म्हणाले, सोडवत नाही म्हणाले. पण आमच्या घरच्यांना स्टिअरिंगपुढे बसून रस्ता दिसत नाही, म्हणून नको. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

फोन ठेवला. चष्म्याचं घर पुन्हा उघडलं. चिठ्ठी हातात घेऊन बसले. दुपारचं जेवण राहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इद्दत संपली. सकाळी मी स्वतः जाऊन जाफरभाईंना सांगितलं – मोठी नको, छोटीची चावी माझ्या हातात द्यायची.

ज. म्हणजे जागा नाही. जाफर नाही. तीस वर्षं "ऐकलं का" नाहीतर "मदिहाची अम्मी". यांनी तोंडाने कधी माझं नाव घेतलं नाही. तारेच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, तेही अर्धं.

जरिना – बरोबर.