नमुन्यातला क्रमांक

३ नोव्हेंबर, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून डॅन्यूब नदीवरच्या मालबोटी दिसतात. रीतीप्रमाणे नव्या माणसानं खाऊ न्यायचा, म्हणून घरी भाजलेली चीजची बनित्सा नेली. आमचा प्रमुख कामेन म्हणाला की बाईंनी आल्या आल्या लाच दिली, आता यांना काढणं कठीण. सगळे हसले. मीही हसले, सहा महिन्यांत पहिल्यांदा.
आम्ही घरखर्चाचं ॲप चालवतो. आता त्यातल्या नोंदी हटवायचं काम एआय एजंट करणार. माणसानं फक्त सांगायचं. ते कसं करायचं, हे एजंटांसाठी नीट लिहून देणं हे माझं काम. अवघड नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
चाचणीचं खातं अजून तयार नाही. कामेन म्हणाला, तुमचंच वापरा, सगळ्यांच्या घरची रड सारखीच. माझं खातं म्हणजे माझं आणि माझ्या नवऱ्याचं, ओग्न्यानचं, अकरा वर्षांचं. नोंदी तोच करायचा आणि प्रत्येकीपुढे काहीतरी लिहायचा. ‘केक. झोर्नित्सा चिडलीय, कारण माहीत नाही.’ झोर्नित्सा म्हणजे मी. ‘साखर. डॉक्टर म्हणतात बंद, मी म्हणतो कॉफीत दोनच चमचे.’ त्यानं मला कधी पत्र लिहिलं नाही. त्याच्या हातचं एवढंच आहे.
नमुन्यासाठी एक नोंद घेतली: ‘छत्री. माझी, पण वापरणार तीच.’ तिचा क्रमांक आणि खात्याची किल्ली, म्हणजे एजंटला खातं उघडून देणारा संकेत, तशीच उतरवली. उद्या खोटी घालीन. शेवटी दोन वाक्यं लिहिली: ‘हटवलेली नोंद परत आणता येत नाही. क्रमांक सापडला नाही, तर यादी मागवून पहिली नोंद घ्यावी.’ कामेनला दुसरं वाक्य फार आवडलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज ओग्न्यानला जाऊन सहा महिने झाले. इमारतीच्या दारावर त्याचं स्मरणपत्रक चिकटवलं. खालच्या त्सोन्कामावशी म्हणाल्या की अगं, एवढा हसरा फोटो लावतात का, लोकांना वाटेल लग्न आहे. मग स्वतःच म्हणाल्या की मेला होताच तसा, तिथंही सगळ्यांच्या टोप्या उडवत असेल. आम्ही दोघींनी गव्हाचा प्रसाद वाटला.
माझं लिखाण काल प्रसिद्ध झालं. मी क्रमांक आणि किल्ली बदलायला विसरले होते.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाऊस. खुंटीवर छत्री नाही. घरभर शोधली. ॲप उघडलं, तिथं तिची नोंदही नाही.
कुठलातरी एजंट नमुना वाचून नमुन्यातलीच नोंद हटवून बसला होता. कामेननं लिखाण लगेच दुरुस्त केलं, पण जुन्या प्रती जगभर गेल्यात. किल्ली रद्द करायला सोफिया शहरातल्या मुख्य कचेरीला अर्ज करावा लागतो. गुरुवारी होईल म्हणे. नोंद परत मिळेल का विचारलं, तर त्यानं माझंच वाक्य माझ्यासमोर धरलं. म्हणाला, एका छत्रीचं काय एवढं, मी घेऊन देतो.

११ नोव्हेंबर
केकची नोंद गेली. मग बुटांची. दाराशी त्याचे बूट होते, मी हलवले नव्हते. पायपुसण्यावर फक्त दोन ठसे.
यादीतली पहिली. मग पुढची पहिली. मीच लिहिलंय.

१२ नोव्हेंबर
त्याचा तो हसरा फोटो काढणाऱ्या फोटोवाल्याची नोंद गेली. दारावरचा कागद कोरा. त्सोन्कामावशी ओरडत होत्या की कोण हा रिकामटेकडा, कोरे कागद चिकटवतो. मी ओग्न्यानचं नाव सांगितलं. म्हणाल्या, पोरी, तू तर इथं एकटीच राहायला आलीस ना?

१३ नोव्हेंबर
सोफियाहून फोन. किल्ली रद्द झाली, आधीच सुटलेले हुकूम तेवढे पुरे होतील. अभिनंदन म्हणाले.
बाकीच्या रात्रीतून गेल्या, यादीत एकच, सगळ्यांत जुनी नोंद उरली होती — ‘अंगठ्या. आता सुटका नाही.’ — ती बघतच होते, फोन हातात असताना तीही —
बोटावर अंगठीच्या जागी पांढरा पट्टा.

१४
यादी रिकामी. मागची पानं वाचली. अक्षर माझंच. छत्री कुणाची, कळत नाही. नाव लिहिलंय, वाचता येतं, पण —
दारावरचा कोरा कागद काढून टाकला.
सकाळी कॉफी केली. दोन कप भरले. एकात दोन चमचे साखर घातली, ढवळली. मी साखर घेत नाही. हा कप मी कुणा