स्पीकरमधली भुणभुण

प्रिय टकळे,

रोज फोनवर माझं एकच पालुपद असतं, की तू पाठवलेले स्पीकर भुणभुण करतात म्हणून बाबांचा अभ्यास अडलाय. आज त्या भुणभुणीबद्दलच लिहिते आहे. फोनवर जमणार नाही, बाबा समोरच बसलेले असतात.

वाचा परत यावी म्हणून स्पीच थेरपीच्या बाईंनी दिलेला धडा मी रोज सकाळी कॉम्प्युटरवर लावते. पडद्यावर पेला दिसतो, स्पीकर 'पाणी' म्हणतो, मग बाबांनी 'पाणी' म्हणायचं. अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झाले. सहा महिन्यांत परत येईल तेवढंच बोलणं, असं बाईंनी तुझ्यादेखतच सांगितलं होतं. आणि इथे शब्दांमागे सारखं ते गूंऽऽ. जन्मभर सभा-समारंभांना लाउडस्पीकर लावलेल्या माणसाला हे कसं सोसावं? मावशीच्या लग्नात एवढीशी गुणगुण ऐकून भरल्या ताटावरून उठले होते, आठवतं? मला वाटलं, रागानेच तोंड उघडत नाहीत. मग मी जिवाचं रान केलं. वायर बदलली, मोबाइल लांब ठेवला, ट्यूबलाइट बंद करून धडा घेतला. दुकानदाराने हात टेकले. तुला न सांगता नवे स्पीकर आणले, तर तेही तसेच बोंबलले.

काल कपडे वाळत घालताना एकदम डोक्यात आलं. बाबा कामावरच्या माणसांवर ओरडायचे, "सगळं एकाच बोर्डावर घ्या रे, दोन ठिकाणची वीज आपसात भांडते." आपला कॉम्प्युटर खिडकीपाशी आणि स्पीकर कपाटामागच्या प्लगवर. हात पुसत धावले, दोन्ही पिना एका बोर्डावर लावल्या आणि भुणभुण गेली. या वयात चक्क नाचले गं मी. बाबांना खुर्चीत नीट बसवलं आणि धडा लावला.

'पाणी.' अगदी स्वच्छ. बाबा पेल्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी बारा वेळा लावला. ओठसुद्धा हलले नाहीत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की तीन महिने ती भुणभुण चालू होती आणि या माणसाच्या कपाळावर एकदाही आठी पडली नव्हती. मीच बघितलं नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं मला.

आता खरं सांगते, रागावू नकोस. आज सकाळी मी स्पीकरची पिन काढून परत कपाटामागे लावली. आवाज सुरू झाला तेव्हा बरं वाटलं. हे पत्र पोचेपर्यंत तू फोन करशील आणि मी तेच रडगाणं गाईन. तू म्हणशील, थांब, दुसरे पाठवते. काही पाठवू नकोस, बाळा. तू ये. तू शेजारी बसलीस तर पिन काढेन मी. एकटीला ती शांतता ऐकवत नाही.

तुझीच, हात टेकलेली,
आई