जवळचं टेशन

८ जुलै
मानवतला आले. लेकानं, भगवाननं, जीप करून आणलं. इतकी वर्षं झरीला एकलीच होते, आन आता तोच म्हणतो, माय, तू आमच्यापाशी ऱ्हा. ऐकूनच पोट भरलं. घर लय चांगलं हाय, मागं म्हसोबाचा दगड. मला येगळी खोली, त्या दगडाला लागूनच. खोलीत मोठा रेडिओ, सुनेच्या आईचा, सगुणाबाईचा. ती गेल्या आखाडात दवाखान्यात वारली, असं सून सविता म्हणली. रेडिओत चिनी, अरबी, कुठले कुठले लोक बोलतेत. एक अक्षर कळत न्हाई, तरी करमतं. नातीनं, निकितानं, वही दिली, म्हणली आजी, तू बी लिही. दुसरीपत्तुरच शाळा माझी, पण लिहायले.

११ जुलै
शेजारीण विचारायली, आखाड लागला, म्हसोबाला कोंबडं दिलं का? या घराचा आधीचा मालक दरसाल द्यायचा म्हणं. भगवान हसला. म्हणला, आपण माळकरी, कोंबडं कसं कापावं? खरंच की. त्याचा बाप बी तसाच. इंचू चिमट्यानं धरून बांधावर सोडायचा, मग तोच इंचू मला चावायचा.

१४ जुलै
भरदुपारी रेडिओतले सगळे देश एकदम गेले. नुस्ती खरखर. निकिता म्हणली, आजी, सूर्य खवळला की असंच होतं. लांबचा आवाज आभाळाच्या वरच्या थराला आपटून आपल्याकडं येतो. सूर्यानं आग फेकली की खालचा थर तो आवाज मधीच गिळतो. तेवढा वेळ जवळचंच टेशन लागतं. लय हुशार पोरगी. ती गेल्यावर खरखरीतून एक म्हातारी बोलायली. जावईबापू, दार उघडा. सविता, घोटभर पाणी दे गं.
नाटक असंल.

१७ जुलै
निकिताला सकाळीच मामाकडं धाडलं. मला सांगितलं बी न्हाई.
दुपारी पुन्ना देश गेले. म्हातारी म्हणली, विहीणबाई, तुमाला बी आणलं का? सगुणाबाईच. लग्नात मानाच्या लुगड्यावरून माझ्याशी भांडली होती, तो आवाज मी इसरंन का. म्हणली, कसला दवाखाना बाई. कोंबडं कापायचं पाप नको म्हणून म्हसोबाला मला दिलं. याच खोलीत.
सविताला विचारलं. ती भाकरी थापत ऱ्हायली. वर बघितलंच न्हाई.

२० जुलै
भगवानला म्हणलं, लेकरा, एवढं म्हण की खोटं हाय. माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. खोटं हाय, असं म्हणला न्हाई.
म्हणला, मी कापत न्हाई माय. नुस्तं दार लावतो.

२१ जुलै
कडी भायेरून —
ऊन लय. देश गेले, सगळे. सगुणाबाई बी गप. आता दुसरीच म्हातारी — भगवान, दार उघड रे, भगवान —
माझा आवाज हाय. मी तर अजून हाक मारली न्हाई.
मागच्या भिंतीतून कुणीतरी —
दाराभायेर भगवान हाय. त्याच्या चपलांची करकर वळखते मी. उभा हाय. ऐकायलाय. उघडंल की. माझाच ले—